इतर परिस्थिती कायम असताना

तास संपल्यावर शिवकांता मठपती फळ्यापाशी थांबली.
"मॅडम, एम.ए.ला अर्थशास्त्र घेऊ का?
दाजी म्हणायलेत, घेऊन मिळतंय काय?"

मी डस्टर खाली ठेवला.
बाहेर डाळ मिलचा भुसा उडत होता,
खिडकीजवळच्या बाकांवर तुरीची पिवळी पूड.
उदगीरच्या या वर्गात अकरा वर्षं झाली,
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
मीही नाही.

म्हटलं, बस. हिशेबच मांडू.

डावीकडं खर्च.
विद्यापीठाची फी, सवलत वजा जाता, फार नाही.
वसतिगृहात नंबर लागला नाही,
म्हणून बेगमपुऱ्यात खोली, तिघींत एक.
मेसचा डबा, रविवारी रात्री बंद.
उदगीर ते औरंगाबाद रातराणी, वर्षाला सहा खेपा,
पाचवीला पैसे नव्हते, ती धरू नकोस.
सेटचे फॉर्म पाच.
चार बुडीत खर्चात गेले,
पाचव्याला पास झाले, मग कळलं, तोही त्यातच.

आणि त्या दोन वर्षांत जे कमावलं नाही, ते.
पुस्तकात त्याला संधी व्यय म्हणतात.
आमच्या घरी त्याला चंद्रकला म्हणत.
माझी थोरली. दहावीनंतर डाळ निवडायला बसली,
दर शनिवारच्या हजेरीतून
माझ्या मेसचे पैसे बाजूला काढायची,
नोटांना डाळीचा वास यायचा.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

"खर्चात," शिवकांता म्हणाली.
थोडं थांबून, "पण तुमच्या नाही."

खडू हातात तसाच राहिला.

उजवीकडं मिळकत.
तासिका तत्त्व, आठवड्याला नऊ तास.
कॉलेज जूनला उघडतं, ऑर्डर ऑगस्टला निघते,
बिल मार्चला जातं, पैसे दिवाळीला,
कुठल्या दिवाळीला, ते ऑर्डरवर नसतं.
कायम जागेचा भाव मोंढ्यात पुकारत नाहीत.
तो अध्यक्षांच्या बैठकीत चहा झाल्यावर निघतो,
आणि मागणी-पुरवठ्याचा वक्र
माझ्याहून चांगला त्यांच्या ड्रायव्हरला काढता येतो.

या फळ्यावर मी किती वेळा लिहिलं असेल,
इतर परिस्थिती कायम असताना.
ते लिहीत असतानाच नोटा बंद झाल्या,
पुढं कॉलेजं बंद झाली,
निम्मा वर्ग पुण्याला कंपनीत गेला, परत आला, परत गेला.
विषय बंद करू का, असं पत्र दोनदा आलं.
थोरलीला आता खडा आणि डाळ वेगळी दिसत नाही.
कायम काय राहिलं म्हणशील, तर माझी ऑर्डर तात्पुरती.

बाबा मोंढ्यात मापाडी होते.
पहिल्या मापाला ते एक कधी म्हणाले नाहीत.
लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन.
माल कुणाचा, भाव पडला का चढला, त्याचा संबंध नाही.
एम.ए. होऊन आले तेव्हा मी ऐटीत विचारलं,
बाबा, तोटा असला तरी लाभच का?
ते पायली झटकत म्हणाले,
"मोजायला कुठून तरी सुरू करावं लागतंय की, बाई."

शिवकांतानं दोन्ही रकाने नीट पाहिले.
डावा खाली फळ्याच्या कडेपर्यंत गेला होता.
मोबाईलवर फोटो काढला, दाजींना दाखवायला.
मग म्हणाली, "यात एक तुम्ही धरलंच नाही.
फायनान्सवाला घरी आलता. म्हणला, वर्षाला बाराच टक्के.
मी विचारलं, फेडलेल्या पैशावर पण व्याज का?
तर गप बसला.
आईनं सही केली नाही."

मी म्हटलं, ते अर्थशास्त्र कुठं,
ते सातवीचं गणित.
"असंल," ती म्हणाली,
"पण सातवीत मी कुणाला काही विचारत नव्हते."

तेवढ्यात भूगोलाचे सर आले,
नकाशा खांद्यावर, वेळ झाला म्हणत
त्यांनी फळा पुसायला घेतला, उजवीकडून.
तिकडं पुसायला थोडंच होतं.

तिला घे म्हटलं नाही. नको म्हटलं नाही.
फॉर्मची शेवटची तारीख वीस,
एवढं मात्र जिन्यात गाठून सांगितलं.